हेरातमध्ये मेलेला नट

वेदिका मुखवट्याला घाबरायची, पण तो घालणाऱ्याच्या हातांना नाही. तालमीत फरामर्जनं कागदाच्या लगद्याचा तो करडा चेहरा चढवला, की सतरंजीवर बसलेली ही एवढीशी पोरगी खालचा ओठ काढायची. आता भोकाड पसरणार असं वाटेपर्यंत तो तिच्यापुढे उकिडवा बसायचा आणि दोन्ही हात पुढे करायचा. लांब बोटांचे हात, बेदाण्याच्या चिकटानं नखांच्या कडा काळ्या झालेले. वेदिका त्यातलं एक बोट मुठीत धरायची आणि थेट तोंडात.

"अगं, घाण आहे ते!" तिची आई स्वानंदी धावायची.

"घाण नाही, गोड आहे," मुखवट्याच्या आतून आवाज यायचा.

"बघा, हिलासुद्धा कळतं आत आपला फराळ आहे ते," दिवाकरकाका खुर्चीतून म्हणायचे. "मग शेवटी प्रेक्षकांना कळू दिलं, तर काय बिघडलं?"

फराळ म्हणजे फरामर्ज. नाशकातल्या या नाट्यमंडळात तो पहिल्यांदा आला ते दिवाळीच्या तोंडावर, आणि काकांच्या जिभेला ते नाव काही केल्या वळेना. त्यानंही हसून ते चालवून घेतलं. काय बिघडलं, ते काकांना चांगलं माहीत होतं. मंडळातल्या सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त काकांना ते अधूनमधून नव्यानं सांगावं लागायचं.

हेरातमध्ये, त्याच्या गावात, फरामर्ज मेलेला होता.

तसं त्याच्या बहिणीनंच सांगितलं होतं. तालिबानची राजवट आल्यावर काही महिन्यांनी माणसं दारात आली. मुलींना स्टेजवर उभं करणारा, टीव्हीवर मुल्लांची नक्कल करणारा तुझा भाऊ कुठे आहे? निलूफरनं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, हिंदुस्थानात शिकायला गेला होता, तिथं आजारात गेला, पुण्यातच पुरला. आणि नुसतं सांगून ती थांबली नाही. नटी होती ती. तिनं मयताच्या प्रार्थनेसाठी फातिहा ठेवला, गल्लीत हलवा वाटला, शेजारणी येऊन रडल्या. आई तर अशी रडली, की निलूफरलाच क्षणभर खरं वाटलं. त्यानंतर ती माणसं परत आली नाहीत. निलूफर आणि आई त्याच घरात राहत होत्या, निलूफर शिवणकाम करत होती, इराणच्या व्हिसासाठी थांबली होती. फरामर्ज जिवंत आहे असं तिकडे कुणाच्या नजरेला पडलं, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाणार होता. मग तू रडलीस कुणासाठी?

हे सगळं त्यानं स्वानंदीला तालमीनंतर जिन्यात बसून, चहा गार होईपर्यंत, तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं. अर्धं हिंदीत, अर्धं त्याच्या मराठीत, ज्यात वेळ पुल्लिंगी असायचा आणि नाटक स्त्रीलिंगी. जन्मच त्याचा परक्या गावातला. आईबाप लढाईला भिऊन इराणात मशहदला पळालेले, आणि तिथल्या वीटभट्टीमागच्या वस्तीत हा वाढला. निर्वासितांच्या पोरांना तिथल्या शाळेत घेत नसत, म्हणून वस्तीतल्याच एका मास्तरांनी गोठ्यात वर्ग भरवला होता. घरमालक भाडं मागायला कसा येतो, कसा खाकरतो, कसा पायजमा सावरतो, ते त्या गोठ्यात करून दाखवलं, ती त्याची पहिली भूमिका. पुढं कुटुंब हेरातला परतलं. वडिलांनी काचेच्या भांड्यांचं दुकान टाकलं, आणि यानं बहिणीला हाताशी धरून नाटकमंडळी काढली. लिहायचा हा, प्रमुख काम तिचं. मग टीव्हीवर एका विनोदी मालिकेत मुल्लांची नक्कल करणाऱ्या वेंधळ्या नोकराचं काम मिळालं. "चायवाला पैसे नाही घ्यायचा," तो सांगायचा, "म्हणायचा, तुम्ही काल माझ्या सासऱ्याला हसवला, तो लग्नापासून हसला नव्हता."

नाट्यशास्त्र शिकायला शिष्यवृत्तीवर पुण्यात आला तेव्हा तो दोन वर्षांचेच कपडे घेऊन आला होता. शेवटच्या वर्षात, ऑगस्टमध्ये, त्याचं गाव पडलं. परतीचं विमान नाही, शिष्यवृत्ती संपलेली, आणि हातात दिल्लीहून मिळालेलं निर्वासिताचं कार्ड. सुक्या मेव्याच्या धंद्यातल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, निफाडकडे बेदाण्याच्या शेडवर माणूस लागतोय. द्राक्षांच्या गावचा माणूस द्राक्षांच्या गावाला आला. नाशकात द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टच्या ऑफिसमागे एक खोली, सकाळी निफाडची बस, दिवसभर बेदाणा निवडायचा.

मंडळाला तो सापडला तो हसण्यावरून. नाट्यस्पर्धेच्या एका प्रयोगात कुणा नटाच्या हातून कप पडला आणि त्यानं तो वाक्यात असा काही सामावून घेतला, की सगळ्यांना ते संहितेतलंच वाटलं. भरल्या नाट्यगृहात एकटा माणूस मागच्या रांगेत खदखदून हसला. दिवाकरकाका वळून बघत राहिले. "हसतोय तो नट आहे," ते शेजारच्याला म्हणाले, आणि मध्यंतरात जाऊन त्याला धरूनच आणलं.

स्वानंदीला तो 'स्वानंदीजान' म्हणायचा. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे म्हणे, मावशीलाही जान आणि दुकानदारालाही जान. मयुरेश, स्वानंदीचा नवरा, पहिल्यांदा ऐकून गालातल्या गालात हसला होता. "माझ्या बायकोला जान म्हणणारा नाशकात एकच माणूस, आणि तो मी नाही."

"तुला कुणी अडवलंय?"

"आता म्हटलं तर कॉपी वाटेल."

'राखण' हे नाटक फरामर्जनं हेरातमध्येच लिहिलेलं. इथं तो एकेक वाक्य हिंदीत सांगायचा आणि स्वानंदी ते मराठीत आणायची, दुपारी वेदिका झोपली की. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती लिहीत बसायची. कधी एका वाक्यावर अडायची आणि तेवढ्यात पाळण्यातून कुरकुर ऐकू यायची. मग ते वाक्य भात चढवताना, लंगोट वाळत घालताना डोक्यात घोळत राहायचं, आणि नेमकं अंघोळीच्या वेळी सुटायचं.

गोष्ट सरळ होती. एका घरातला भाऊ पळून गेलाय, मागे बहीण राहिलीय. नव्या सत्तेनं तिच्या दारावर मुखवटा घातलेला पहारेकरी बसवलाय, आणि तिला उंबरा ओलांडायची बंदी आहे. ती त्या पहारेकऱ्याशी भांडते, त्याला शिव्या घालते, थंडी पडली की चहा देते. शेवटी पहारेकरी मुखवटा काढतो, आणि तो तिचा भाऊच असतो. हेरातला निलूफर बहीण झाली होती आणि हा पहारेकरी. मुखवटा निघाला, तेव्हा बायकांच्या बाजूनं एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला होता, तो अजून त्याच्या कानात होता.

नाशकात बहीण स्वानंदी झाली, आणि फरामर्जनं स्वतःच तो शेवट कापला. पहारेकरी मुखवट्यातच राहतो, बहीण त्याचे हात हातात घेते, मग आत निघून जाते. नाटकाच्या जाहिरातीवर लेखकाचं नाव 'एक शेजारी'. नटाचं नाव नाहीच.

"अरे, मुखवटा घालून आलेला माणूस मुखवटा घालूनच गेला, तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील," काका कळवळून म्हणाले. दिग्दर्शन त्यांचं होतं.

"काका, स्पर्धेचं तिकीट असतं केवढं?" स्वानंदी म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

मुखवटा केला होता संतोषनं. संतोष मंडळाची प्रकाशयोजना बघायचा, नेपथ्य ठोकायचा. त्याचं गाव पेठच्या पलीकडे, तिथं बोहाड्यात देवादिकांची सोंगं नाचतात, आणि त्या सोंगांचे मुखवटे त्याच्या चुलत्याच्या घरात बनतात. साच्यावर कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, मग रंग. मुखवटा पहिल्यांदा फरामर्जच्या हातात देताना संतोष म्हणाला होता, "भाऊ, आमच्याकडं एक रीत हाय. सोंग अंगावर हाय तवर माणसाला नावानं हाक मारायची नाय. तवर तो माणूस नसतोच."

"छान," फरामर्ज म्हणाला. "मला सवय आहे."

सगळे हसले. स्वानंदीला हसता आलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मयुरेशनं तिला आणि वेदिकाला साईखेडकर नाट्यगृहाशी सोडलं. गाडीवरून उतरताना तिची नजर फाटकावर गेली आणि पिशवी तिच्या हातातून सुटलीच.

फाटकावर एवढा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर फरामर्ज, हनुवटी वर करून दिलखुलास हसणारा. तालमीत कुणीतरी काढलेला फोटो. खाली लाल-पिवळ्या अक्षरांत: 'अफगाणिस्तानातील हेरातचे ख्यातनाम लेखक-अभिनेते मा. फरामर्जजी यांचे नाशिकनगरीत हार्दिक स्वागत!' आणि त्याखाली गोल गोल चौकटींत शुभेच्छुक. पहिल्या चौकटीत दिवाकरकाका, पगडी घालून.

"मयुरेश, काढ ते. आत्ता काढ."

संतोष आतून धावत आला. त्यानं काही विचारलं नाही, कमरेचा कटर काढला आणि फाटकावर चढला. फ्लेक्स खाली कोसळत असतानाच काकांची रिक्षा आली. हातात पेढ्यांचा खोका, अंगात खादीचा कडक झब्बा, मागे मालिनीकाकू. काकूंच्या कपाटात शालींचा एक खण होता. काकांना मिळालेल्या शाली तिथं जमा व्हायच्या आणि काका त्या दुसऱ्यांना पांघरत सुटायचे. चहावाल्याची मुलगी दहावी झाली तरी शाल, वॉचमन निवृत्त झाला तरी शाल. आजही काकूंच्या पिशवीतून जांभळी किनार आणि नारळाची शेंडी दिसत होती.

"अरे, अरे! हे काय करताय?" काका रिक्षातूनच ओरडले. "सरप्राइज होतं ते!"

"काका, आपलं काय ठरलं होतं?" स्वानंदीचा आवाज चिरकला.

"नाटकात नाव नाही, मान्य! पण बाहेर स्वागत करायला काय झालं? एवढा मोठा नट आपल्या गावात बेदाणे निवडत बसलाय, आणि आपण त्याचं साधं स्वागत करू नये? मला झोप लागत नाही गं रात्र रात्र."

"तुम्हाला झोप लागावी म्हणून तिकडे त्याच्या बहिणीनं..." ती पुढं बोलली नाही. फरामर्ज फाटकातून आत येत होता.

काका त्याच्याकडे वळले. चेहरा पडला होता, पण हेका सुटत नव्हता. "तूच सांग रे. हेरातमध्ये कुणाला मराठी वाचता येतं?"

"मराठी नाही येत, काका," फरामर्ज म्हणाला. "चेहरा येतो वाचता."

काका फाटकाच्या कट्ट्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "मी तो व्हॉट्सॅपवर पण टाकलाय."

मंडळाचा ग्रुप, बँकेतल्या पेन्शनरांचा ग्रुप आणि हास्यक्लब. सगळ्यांसाठी डिलीट कसं करायचं ते मयुरेशनं त्यांच्या हातातून फोन घेऊन केलं. हास्यक्लबातल्या एका गृहस्थांनी तोवर तो फोटो स्टेटसला लावला होता. त्यांना तो का काढायचा ते समजावताना मयुरेशला घाम फुटला. "अहो, काही भानगड नाही. माणूस चांगलाच आहे. हो, हो, हसरा आहे. पण काढा." अखेर निघाला. कुणी कुणाला पुढं पाठवला होता का, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

एवढं सगळं चाललेलं असताना फरामर्ज जमिनीवर पसरलेल्या फ्लेक्सपाशी उभा होता. वाऱ्यानं त्याचा मोठा चेहरा फुगत होता, बसत होता. गालावर संतोषच्या चपलेचा ठसा उमटला होता. तो खाली बसला आणि हातानं तो ठसा पुसायला लागला.

"फाडू नका," तो संतोषला म्हणाला. "गुंडाळून ठेवा. पाच वर्षांत मी इतका मोठा कुठंच नव्हतो."

तो भीतीनं बोलत नव्हता, हे स्वानंदीच्या लक्षात आलं. त्याला तो फोटो आवडला होता.

दुपारी रंगपटात ती वेदिकाला पाजत होती, तेव्हा पडद्याच्या पलीकडून त्यानं हाक मारली. "स्वानंदीजान, येऊ?"

"थांबा. हं, या."

त्यानं फोन पुढं केला. सकाळची फजिती त्यानं हसत हसत निलूफरला कळवली होती, आणि उत्तरादाखल तिचा व्हॉइस मेसेज आला होता. आवाज खालचा, भरभर बोलणारा, मागे शिवणयंत्र चालू. मधेच यंत्र थांबलं, बाई काहीतरी पुटपुटली आणि मग एक वाक्य सावकाश बोलली. स्वानंदीला एक शब्दही कळला नाही, पण तो सूर तिला ओळखीचा वाटला. कुठला, ते आठवेना.

"काय म्हणतात?"

"म्हणते, काढ." फरामर्जनं फोन छातीशी धरला. "म्हणते, आज नाटकात काढ मुखवटा. तुझं मरण सांभाळून मला कंटाळा आला. इथं माझा चेहरा कुणी बघत नाही, तुझा तरी कुणी बघू दे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

त्यानं वेदिकाच्या तळपायाला बोट लावलं, तिनं पाय ओढून घेतला. तो हसला आणि गेला.

वेदिका झोपली. स्वानंदी तिला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. बाहेर संतोष दिवे लावून बघत होता, पडद्याच्या फटीतून उजेड यायचा, जायचा. आणि मग तिला आठवलं, तो सूर कुठला. तिचाच होता. वेदिका दोन महिन्यांची असताना, सलग कित्येक रात्री न झोपता, एका दुपारी ती मयुरेशला फोनवर म्हणाली होती, "घेऊन जा हिला. मला नको." अगदी सावकाश, स्वच्छ शब्दांत. मयुरेश ऑफिसातून आला, पोरगी घेतली, स्वानंदीला झोपायला लावलं. नेऊन कुठं दिली नाही. दमलेल्या बाईचं म्हणणं खोटं नसतं. पण ते लगेच अमलात आणायचं नसतं, आधी तिला झोपू द्यायचं असतं.

पण हेरातमधल्या त्या बाईला झोपवणारं कोण होतं? आणि ती दमून बोलली की ठरवून, हे इथं नाशकात बसून ठरवणारी स्वानंदी तरी कोण?

संध्याकाळी नाट्यगृह चांगलं भरलं. तिसरी घंटा झाली. 'लेखक, एक शेजारी,' असं निवेदकानं सांगितलं तेव्हा कुणीतरी हसलं. फोन बंद ठेवण्याची विनंती झाली, तरी विंगेतून स्वानंदीला मागच्या रांगांत दोन-तीन पडदे उजळलेले दिसले. वेदिका मालिनीकाकूंच्या मांडीवर, रंगपटात.

प्रयोग रंगत गेला. फरामर्जला चेहरा नव्हता, पण त्याचे खांदे बोलत होते, मान बोलत होती. चहाचा कप मुखवट्यापाशी नेऊन, पिता येत नाही हे ध्यानात येऊन त्यानं तो जसा परत खाली ठेवला, त्यावर अख्खं नाट्यगृह हसलं आणि लगेच गप्प झालं. स्वानंदी बोलत होती, भांडत होती, आणि आतून सारखी त्याच्या हातांवर नजर ठेवून होती.

शेवट आला. ती उंबऱ्याशी आली. आता त्यानं हात पुढं करायचे, तिनं ते धरायचे, आणि आत जायचं.

त्यानं हात पुढं केले नाहीत. हात वर गेले. एक मुखवट्याच्या कडेला, दुसरा मागे, जिथं नाडी बांधलेली होती.

विंगेत दिवाकरकाका खुर्चीतून उठले, ते तिला दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मागच्या रांगेत एक फोन वर झाला.

स्वानंदीनं उंबरा ओलांडला. तो ओलांडायचा नव्हता, पूर्ण नाटकात तिनं तो ओलांडला नव्हता. दोन्ही तळवे तिनं त्या करड्या चेहऱ्यावर ठेवले आणि दाबून धरले. लगदा आतून गरम होता, घामानं ओला झाला होता. त्याच्या जबड्याची हालचाल तिला तळव्यांना लागली. तो काहीतरी म्हणत होता, 'सोडा' म्हणत असावा. भोकांतून त्याचे डोळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत नट नव्हता.

"नको," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला कुणीच लिहून दिलेलं नव्हतं. "मला माहीत आहे तू कोण आहेस. मला एकटीला माहीत आहे, तेवढं बास."

त्याच्या हातांनी तिची मनगटं धरली. ओढली. तिनं सोडलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग अंधार झाला. संतोषनं ठरलेल्या इशाऱ्याची वाट पाहिली नव्हती.

टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा स्वानंदी अंधारात एकटीच उभी होती. दिवे आले. काका माइक घेऊन पुढं आले, कलाकारांची नावं घ्यायला लागले. "आणि राखणदाराच्या भूमिकेत..." ते थांबले. नाट्यगृह वाट बघत होतं. काकांच्या काखेत जांभळी शाल होती. त्यांनी एकदा स्वानंदीकडे पाहिलं. ती तळहात पदराला पुसत होती, करडा रंग निघत नव्हता.

"आपला एक शेजारी," काका म्हणाले, आणि माइक खाली केला.

रंगपटात फरामर्ज आरशाकडे पाठ करून बसला होता. मुखवटा मांडीवर.

"तुम्ही माझा तोंड धरला," तो म्हणाला.

"हो."

"ती म्हणाली, काढ. माझी बहीण म्हणाली. नाटक मी लिहिली, चेहरा माझा, मरण माझा. तुम्ही कोण?"

पलीकडे वेदिका भुकेनं रडत होती आणि स्वानंदीची चोळी ओली झाली होती. ती मुलीकडे गेली. परत आली तेव्हा मुखवटा खुर्चीवर होता आणि मागचं दार उघडं.

त्यानंतर तो तालमीच्या जागेकडे फिरकला नाही. फोन उचलत नव्हता. स्पर्धेचा निकाल लागला, 'राखण' पुढच्या फेरीत गेलं. परीक्षकांनी खास उल्लेख केला होता, शेवटी बहिणीनं मुखवटा धरून ठेवण्याच्या दिग्दर्शकीय कल्पनेचा. दिग्दर्शनाचं पारितोषिक काकांना. बातमी आली तेव्हा काकांनी मंडळाच्या ग्रुपवर नुसता नमस्काराचा हात टाकला आणि फोन बंद करून बसले. मालिनीकाकू सांगत होत्या, "शालीचा खण उघडून बसलेत. घड्या मोडतात, परत घालतात."

"तू जाऊन ये निफाडला," मयुरेश म्हणाला.

"जाऊन काय सांगू? बरोबर केलं म्हणू, तर कशावरून? चुकलं म्हणू, तर तेही खोटं."

ती रोज दुपारी पाळण्याची दोरी ओढत तेच तेच मनात उलटंपालटं करत राहायची. आपण एका माणसाचा चेहरा झाकला. एका बाईचा शब्द मोडला. तिकडे त्या दारात पुन्हा माणसं आली असतील तर? आपण धरून ठेवूनही हास्यक्लबातला फोटो फिरत फिरत पोचला असेल तर? मग त्याला टाळ्याही मिळाल्या नाहीत, आणि तीही वाचली नाही.

एका दुपारी बेल वाजली. दारात फरामर्ज, हातात बेदाण्यांची पिशवी. दाढी वाढलेली. वेदिका नुकतीच उठली होती, सोफ्याला धरून डुलत उभी होती.

"बसा," स्वानंदी म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नंतर." तो जमिनीवरच बसला. "निलूफरचा आवाज आला. खूप दिवस नव्हता, मी मेलो होतो खरंच. काल आला."

स्वानंदी उभ्या जागी थांबली. "ठीक आहेत?"

"आहे. आई पण. बॉर्डर परत बंद आहे, व्हिसा नाही. पण आहे." त्यानं नखाच्या कडेचा काळा चिकट खरवडला. "विचारत होती, काढला का? मी सांगितलं, नाही. इथं एक बहीण आहे, तिनं हात ठेवला, काढू नाही दिला. मग ती गप्प. मग हसली. खूप हसली, मशीन बंद करून हसली. म्हणाली, त्या दिवशी मी दमले होते."

स्वानंदी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"अजून सांगायचं आहे," तो म्हणाला. "म्हणाली, तिला सांग, एक दिवस मी न दमता सांगेन. पोट भरून, झोप काढून सांगेन. त्या दिवशी तिला म्हणावं, हात काढ."

पिशवीतले बेदाणे वेदिकाला दिसले होते, ती सोफ्याच्या कडेकडेनं सरकत होती.

"पुढच्या प्रयोगाला मी परत हात वर नेणार," फरामर्ज म्हणाला. "खरा नेणार, नाटकातला नाही. माझा हात माझा ऐकत नाही. तुम्ही धरायचं. खोटं नाही धरायचं."

"आणि माझी मनगटं मोडलीत तर?"

"तर काकांची शाल गळ्यात बांधू."

ती हसली, आणि हसता हसताच डोळे पुसले. "आणि तुमच्या बहिणीनं सांगितलं, त्या दिवशी?"

"त्या दिवशी?" त्यानं वर पाहिलं.

"त्या दिवशी मी सोडीन. स्वतः नाडी सोडीन."

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही. तो दिवस येईल असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

वेदिकानं सोफा सोडला होता. दोन पावलं कशीबशी टाकून ती त्याच्या गुडघ्यावर आपटली. फरामर्जनं घाईनं पिशवी बाजूला सारली आणि दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा झाकून घेतला. "कुऽऽक," तो हातांआडून म्हणाला. हे त्याला मालिनीकाकूंनी शिकवलं होतं.

वेदिकानं त्याचं एक बोट धरलं. तोंडात घातलं नाही. ओढलं. मग दुसरं. नेटानं, लाल होत, तिनं एकेक बोट सोडवलं आणि दाढी वाढलेला तो अख्खा चेहरा उघडा पाडला. आणि हर्षानं किंचाळली.

"परत," फरामर्ज म्हणाला, आणि चेहरा झाकून घेतला.

स्वानंदी चहा टाकायला उठली नाही. तिचे हात मांडीवर होते, आणि या वेळी तिनं ते तिथंच राहू दिले.